चिखलदडी

‘पाण्यात राहणाऱ्या काल्पनिक शिकारी प्राण्याचं चित्र काढा आणि तो कसा जगतो ते लिहा.’ हा प्रकल्प सोमवारी शाळेत द्यायचा असतो आणि रविवारी रात्री जेवणं उरकल्यावर माझ्या दारात येतो. बिल्डिंगमध्ये प्राणिशास्त्र शिकलेला मी एकटाच, ही माझी शिक्षा. चित्रात शार्कचं तोंड, मगरीची शेपटी, गरुडाचे पंख आणि अंगात वीज. हा श्वास कसा घेतो, असं विचारलं की आईवडील एकमेकांकडे बघतात.

माझा शिरस्ता असा, की आधी पत्ता ठरवायचा. ‘समुद्र’ हा काही पत्ता नव्हे. मी कोकणातली खाडी देतो, कांदळवनातली. पाणी चहासारखं गढूळ, तेव्हा मोठे डोळे वाया. त्याऐवजी अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा काढायची. आसपासच्या पाण्याची हालचाल माशाला तिच्यामुळे कळते. लांबी दोन फूट, नाव चिखलदडी.

मग वीज काढून घ्यायची. रडारड इथेच होते. ८६० व्होल्टपर्यंत धक्का देणारा इलेक्ट्रिक ईल दक्षिण अमेरिकेत गोड्या पाण्यात राहतो. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहून जाते, तिथे एवढा दाब उभाच राहत नाही.

ओहोटीला उरतो काळा चिखल, त्यात ऑक्सिजन नावालाच. इथे निवट्यांची, म्हणजे चिखलावर सरपटणाऱ्या छोट्या माशांची, नक्कल करायची: कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवायचं आणि ओल्या कातडीतून श्वास घ्यायचा. कातडी वाळली की खेळ खलास, म्हणून मधूनमधून लोळण. अंडी चिखलातल्या बिळात. नर तोंडात हवा भरून आणतो आणि आत सोडतो. निवट्यांच्या काही जाती हे खरोखर करतात, पण पालकांना नेमकं हेच थापेबाज वाटतं. गरुडाचे पंख चालतात.

मीठ मात्र सगळेच विसरतात. मे महिन्यात खाडीच्या तोंडाशी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, मुसळधार पावसात पाणी जवळजवळ गोडं. गोड्यात पाणी अंगात शिरतं, ते भरपूर पातळ लघवीवाटे बाहेर. खाऱ्यात अंगातलं पाणी जातं, म्हणून तेच खारं पाणी प्यायचं आणि मीठ कल्ल्यांतून टाकायचं. ‘लघवी लिहायलाच हवं का?’ हवं!

पोटाचा ढोबळ हिशेब: १० किलो कोळंबी, बोईटं, खेकडे खाल्ले तर अंगावर किलोभर चढतं. म्हणून पाठलाग परवडत नाही. चिखलात दडायचं, भक्ष्य जवळ आलं की झटकन तोंड उघडायचं. पाण्याबरोबर तेही आत ओढलं जातं. दात आत वळलेले, म्हणजे सुटका नाही. ‘रोज सकाळी सातला शिकार’ ही ओळ खोडायची, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते.

पंखांवर तडजोड होते. चिखलात सरपटायला पुढचे पर जाडजूड काढायचे. त्यांना बाण काढून ‘पंख’ लिहिलेलं मला दिसतं, पण तोवर माझे डोळे मिटायला लागलेले असतात.