क्रोमोली, रॉड एंड आणि समान आर्म: एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश गाडीच्या धर्तीवर घरीच स्पोर्ट्स कार बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो. कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारे वरचे-खालचे दोन पायांचे दांडे, क्रोमोलीच्या (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त मिश्र पोलादाच्या) नळीचे करा, म्हणजे ते ताठ होतील. सगळ्या टोकांना रॉड एंड (आटे पाडलेल्या दांड्याच्या टोकाला फिरता गोल सांधा असलेला भाग) लावा, म्हणजे जुळणी सोपी होईल. वरचा आणि खालचा आर्म समान लांबीचे व समांतर ठेवा, म्हणजे चाक सरळ राहील. तिन्ही विधानांत थोडेफार तथ्य आहे, आणि नेमके म्हणूनच ती तपासून घ्यायला हवीत.

पहिले विधान ताकद आणि ताठपणा यांची गल्लत करते. साधे पोलाद असो वा क्रोमोली, दोघांचाही स्थितिस्थापकता गुणांक (पदार्थाच्या ताठपणाचे माप) सुमारे 200 गिगापास्कलच असतो. त्यामुळे एकाच मापाच्या नळ्या एकाच भाराखाली सारख्याच वाकतात, आणि दाबाखाली लांब नळीला बाक येण्याचा धोकाही सारखाच राहतो. क्रोमोली कायमची वाकायला अधिक भार लागतो, एवढाच तिचा फायदा. ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवावा. बाहेरून 25 मिमी व्यासाच्या, 2 मिमी जाडीच्या नळीऐवजी 28 मिमी व्यासाची, 1.6 मिमी जाडीची नळी घेतली, तर वजन सुमारे 8 टक्क्यांनी घटते आणि वाकण्याला होणारा विरोध सुमारे 20 टक्क्यांनी वाढतो, तोही साध्या पोलादात.

खरा धोका दुसऱ्या विधानात आहे. रॉड एंड आपल्या अक्षाच्या दिशेने ओढ आणि दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या आटे पाडलेल्या दांड्यावर वाकवणारा भार आला, की लॉकनटलगतच्या आट्याच्या खाचेत ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. खालच्या आर्मचा बाहेरचा सांधा जमिनीपासून 150 मिमी आणि वरचा 400 मिमी उंचीवर आहे असे धरू. ब्रेक चाकापाशी असेल आणि टायरवर 4000 न्यूटन ब्रेकबल आले, तर खालच्या सांध्यावर 6400 न्यूटन येतात, वरच्यावर उलट दिशेने 2400. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकवलेली असेल, तर त्या कोपऱ्यातील गाडीचा उभा भारही याच सांध्यातून जातो. अशा जागी आर्मच्या अक्षात बसवलेला रॉड एंड म्हणजे निव्वळ जुगार. तिथे एखाद्या मोटारीचा बॉल जॉइंटच (अशा जागेसाठीच बनवलेला, खोबणीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) हवा. चासीकडच्या टोकांना, आर्मचे दोन पाय पुरेसे फाकलेले असतील आणि बोल्टला ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी आधार असेल, तर रॉड एंड लावायला माझी हरकत नाही.

तिसऱ्या विधानाचे उत्तर थोडक्यात देता येते. समान आणि समांतर आर्ममुळे चाक बॉडीच्या तुलनेत सरळ राहते, रस्त्याच्या तुलनेत नव्हे. वळणावर बॉडी 3 अंश कलली, तर बाहेरचे चाकही तेवढेच बाहेर कलते. वरचा आर्म आखूड ठेवला, की यातला काही भाग भरून निघतो. मात्र मग टाय रॉडची (स्टीअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी आणि आतल्या टोकाची जागा त्या भूमितीशी जुळवावी लागते, नाहीतर खड्ड्यात चाक आपोआप वळते. म्हणून ब्रॅकेट आधी नुसते टॅक करावेत (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडावेत), स्प्रिंग काढून चाक वर-खाली करत त्याची दिशा मोजावी आणि त्यानंतरच पक्के वेल्डिंग करावे.