‘सात दिवसांत कानातला आवाज बंद’ : त्या मेसेजला माझं उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. दोघांनी ग्रुपवर टाकला, चुलतबहिणीने फोन करून वाचून दाखवला, आणि पूर्वी माझ्याबरोबर कापडाच्या मागावर काम करणाऱ्या एका मित्राने पहाटे पावणेपाचला पाठवून खाली लिहिलं, ‘तुझ्यासाठी.’ माझे कान वाजतात, डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाठवणाऱ्यांची माया खरी आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि त्यापायी माझ्या आत्याला तीन आठवडे कानदुखी सोसावी लागली. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितो.

ज्यांना तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कानात शिट्टी, किर्र किंवा भुणभुण ऐकू येते म्हणजे कानाची नस सुकत चालली आहे. मोहरीच्या तेलात लसूण जाळून ते तेल रोज रात्री कानात सोडा, कापसाचा बोळा घाला आणि अंधाऱ्या, शांत खोलीत झोपा. सात दिवसांत आवाज कायमचा जातो. डॉक्टरांकडे यावर इलाज नाही, ते ऐकण्याचं मशीन गळ्यात मारतात, आणि मशीन एकदा लावलं की उरलासुरला कानही जातो. शेवटी नेहमीचंच, दहा जणांना पाठवा.

पहिलं वाक्य नसेचं. कानाच्या अगदी आत, गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत, साधारण १५-१६ हजार केसपेशी असतात. बाहेरचा आवाज संदेशात बदलून त्या मेंदूकडे धाडतात. मोठा आवाज, वय, काही औषधं यांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुतेकांचं दुखणं इथून सुरू होतं. पण मेसेजवाला समजतो तसा आवाज त्या सुकलेल्या जागेतून येत नाही. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदूतला ऐकण्याचा भाग स्वतःच आवाज चढवतो, असं आज बहुतेक संशोधक मानतात. आकाशवाणीचं सोलापूर केंद्र नीट लागेना की आपण बटण पिळतो, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढते, तसं. नसेवरच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी ऐकण्याची नसच कापावी लागते. ती कापल्यावरही कित्येक रुग्णांच्या कानातला आवाज राहिला, काहींचा वाढला, असं डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. मग नसेला तेल पाजून तो थांबेल कसा?

आपल्या गावात ‘नस सुकली’ या शब्दाचा आणखी एक तोटा आहे. त्यातून वाटतं की हा अशक्तपणा आहे, खाण्यापिण्यात काही कमी पडलं असेल. कारण मात्र डोळ्यांसमोर धडधडत असतं. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ११ वर्षं माग चालवला, त्यातली बरीच रात्रपाळी. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. आम्ही ओठ वाचून बोलायचो. कांडी (धोट्यातलं सूत) संपली तर एक बोट वर, बीम (ताण्याचा रूळ) संपला तर दोन्ही हात आडवे. पाळी सुटली की पहिला अर्धा तास चहावाल्याचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटायचं आणि कानात बारीक शिट्टी असायची. झोपून उठलं की जायची. आठ-नऊ वर्षं ती रोज गेली, आणि मग एक दिवस गेली नाही.

आपल्या कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा धरलेली आहे. अमेरिकेतली कामगार आरोग्याची संस्था निऑश ८५ वरच थांबा म्हणते, आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. आवाजाने आलेल्या बहिरेपणाचं नाव १९४८ च्या कारखाना कायद्यात व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होतं. माझ्या ११ वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. कानात घालायचे फोमचे बोळे मी मशीनजवळ एकदाही पाहिले नाहीत. कापसाचा बोळा घालायचाच होता तर तेव्हा, आणि तोही कापसाचा नव्हे.

आता तेल. कानाची बाहेरची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, आणि तिच्या टोकाला पडदा. पडदा धड असेल तर तेल तिथेच थांबतं, केसपेशींपर्यंत एक थेंबही पोचत नाही. पडद्याला भोक असेल तर ते मधल्या कानात उतरतं आणि पू होऊ शकतो. म्हणजे जिथे तेल पोचायला हवं तिथे ते पोचत नाही, आणि जिथे पोचतं तिथे ते नको असतं. शिवाय ओलसर, तेलकट नळीत बुरशी धरते.

आत्याचं हेच झालं. लहानपणी तिचा डावा कान वाहायचा, हे घरात सगळे विसरले होते, तीसुद्धा. मी गेलो तेव्हा गॅसजवळ स्टीलची पळी होती, तिच्यात लसणाच्या तीन पाकळ्या कोळसा होऊन तेलात बसलेल्या. आत्या उशीवर आडवी, कानाखाली पंचा, आणि मला म्हणाली, “पाचवा दिवस हाय रे, अजून दोन राहिलेत.” कान लाल होता, हात लावू देत नव्हती, तरी तिला उरलेले दोन दिवस पुरे करायचे होते. पडद्यात जुनं भोक निघालं. कान साफ करून घेणं, थेंब, गोळ्या, पाणी जाऊ न देणं, यात तीन आठवडे गेले. आवाज जसा होता तसाच राहिला.

तेलाने ‘गुण आला’ म्हणणारे खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. कानात मळ घट्ट बसला असेल तर त्यानेही आवाज येतो, आणि तेलाने मळ मऊ होऊन निघाला की आवाज थांबतो. पण तो मळ होता. आत न बघता ते कळत नाही, आणि कानाचा डॉक्टर तो पाच मिनिटांत काढून देतो.

माझ्या लेखी मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेलाचं नाही, सात दिवसांचं आहे. कानाला इजा सगळ्यांना होत नाही, पण ‘आज थांबला का?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या मागे लागतो. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान आत वळायचा. आहे का? आहे. कालपेक्षा जास्त आहे का? वहीत मी दहापैकी गुण लिहायचो. जितकं मोजलं तितका आवाज ठळक झाला, कारण ज्याच्यावर आपण पहारा ठेवतो ते धोक्याचं आहे असं मेंदू धरून चालतो आणि ते पुन्हा पुन्हा पुढे आणून ठेवतो. घड्याळाची टिकटिक घरातल्यांना ऐकू येत नाही, पण उद्या परीक्षा असलेल्या पोराला रात्रभर ऐकू येते. सात दिवसांच्या मुदतीने माणूस सात रात्री आपल्याच कानाशी पहाऱ्याला बसतो आणि आठव्या दिवशी खचतो.

यावर ज्याचा पुरावा चांगला आहे ती गोष्ट मेसेजमध्ये नाही. सीबीटी नावाची बोलण्याची उपचारपद्धत आहे, तिच्यात घाबरवणारे विचार तपासून बदलायला शिकवतात. २०२० मध्ये उपचारांवरच्या चाचण्या पारखणाऱ्या कोक्रेन या संस्थेने तिच्यावरच्या २८ चाचण्या, मिळून २,७३३ रुग्ण, एकत्र तपासल्या. आवाजाने जगण्यावर होणारा त्रास तिने कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. आवाज लहान होतो असं नाही. हे कळल्यावर मी आधी चिडलो होतो. मग वही बंद केली. ‘आता मला आयुष्यात झोप लागणार नाही’ हे वाक्य रोज रात्री डोक्यात यायचं. ते कागदावर लिहून खाली लिहिलं, काल साडेपाच तास झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. खूप साधं वाटतं हे, पण चार-पाच महिन्यांनी एकदा नवी पेठेतून बाजार करून घरी आलो आणि पिशवी ठेवताना लक्षात आलं की दोन तास आवाज आठवलाच नव्हता. तो चालूच असणार. मी तिकडे गेलो नव्हतो.

‘शांत, अंधाऱ्या खोलीत झोपा’ हे तर नेमकं उलटं आहे. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी ८० धडधाकट ऐकणाऱ्या माणसांना आवाजबंद खोलीत पाच मिनिटं बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना कसले ना कसले आवाज ऐकू आले. चांगल्या कानाचं हे, मग आमचं काय? मे महिन्यात रात्री दोनला लाईट गेली की मला जाग उकाड्याने येत नाही. पंखा थांबतो, कूलर थांबतो, आणि त्या शांततेत शिट्टी भिंतीसारखी उभी राहते. लाईट आली, पंख्याने घरघर धरली, की ती भिंत खाली येते. म्हणून थंडीतही मी पंखा भिंतीकडे तोंड करून चालू ठेवतो, किंवा मोबाईलवर पावसाचा आवाज लावतो. तो शिट्टीपेक्षा जरा कमीच ठेवायचा, म्हणजे दोन्ही ऐकू येतात आणि मेंदू हळूहळू दोन्ही सोडून देतो. बाहेरचा आवाज अडवणारा कापूस इथे शत्रूच.

मशीनबद्दल. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे बारीक आवाज परत येतात, मेंदूला बटण पिळायची गरज कमी भासते, आणि अनेकांना आतला आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. ऐकू कमी येणाऱ्या टिनिटसच्या रुग्णाला यंत्र लावून बघावं, अशी अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची शिफारस आहे. भीतीत तथ्य एवढंच की तपासणी न करता रस्त्यावर किंवा ऑनलाइन घेतलेला, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारा डबा कानाला लावू नये. आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, मग त्या आलेखाप्रमाणे बसवलेलं यंत्र. ४० टक्के किंवा जास्त श्रवणदोषाचा दाखला असलेल्या गरजूंसाठी केंद्र सरकारची एडिप योजना आहे, तिच्यातून यंत्र मिळू शकतं.

उरलं ‘डॉक्टरांकडे इलाज नाही’. यात अर्धं खरं आहे. टिनिटस घालवणारी सिद्ध झालेली गोळी आजही नाही, आणि जिंको या झाडाच्या पानांपासून केलेल्या कॅप्सूलचाही उपयोग दिसलेला नाही. मला पहिल्यांदा ज्यांनी तपासलं त्यांनी दोन मिनिटांत “सवय करून घ्या” म्हणून चिठ्ठी हातात दिली. सवय कशी करायची हे सांगितलं नाही. अशा मेसेजना जागा तिथे मिळते, असं माझं मत आहे. तरीही जायलाच हवं, कारण काही आवाजांमागे दुसरं काही असतं. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धकधक येत असेल, सोबत चक्कर असेल, कान वाहत असेल, तर तपासणी टाळू नका. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा, तिथे उपचाराचे दिवस मोजके असतात. काही औषधांनीही कान वाजतात, उदाहरणार्थ अ‍ॅस्पिरिनचा मोठा डोस किंवा टीबीची काही इंजेक्शनं. ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

तो पहाटे पावणेपाचचा मेसेज मी सहज पुन्हा उघडला, तेव्हा वेळ डोळ्यांत भरली. मित्र अजून मागावर आहे. त्याला फोन केला, तेलाचं काही बोललो नाही, विचारलं, “तुला कधीपासून येतोय?” बराच वेळ नुसता शेडचा आवाज ऐकू आला. मग म्हणाला, “दिवाळीपासून. सुट्टीच्या दिवशी जास्त येतो.” मंगळवारी त्याची दुपारपाळी आहे. सकाळी आत्याला कान दाखवायला सिव्हिलमध्ये न्यायचंच आहे, तोही बरोबर येतोय.