वर जाण्याआधी खाली कोण येणार?

गोव्याच्या फुटबॉलचा विषय निघाला की मडगावचा माझा भाचा हटकून म्हणतो, "मामा, तुमच्या इंग्लंडात बघा. छोटा क्लबसुद्धा जिंकत जिंकत वर जातो!" त्याचा राग मला समजतो. आयएसएलला (इंडियन सुपर लीगला) वरची लीग ठरवून आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधल्या क्लबांना खालच्या पायरीवर बसवण्याचा आराखडा आला, तेव्हा 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. पण दाखला इंग्लंडचा द्यायचा, तर निदान रग्बीचा देऊ नये.

मी राहतो पश्चिम लंडनमध्ये, ईलिंगला. इथला ईलिंग ट्रेलफाइंडर्स हा क्लब रग्बीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो; 2025 पर्यंत तिचं नाव चॅम्पियनशिप होतं. 2021-22 मध्ये तो पहिला आला, तरी प्रीमियरशिपचं, म्हणजे पहिल्या श्रेणीचं दार उघडलं नाही. वर जायचं तर तेव्हा मैदानात किमान 10,001 प्रेक्षकांची सोय लागायची. (त्या शेवटच्या एका खुर्चीवर कोण बसणार होतं, देव जाणे.) त्याच श्रेणीतल्या डॉन्कास्टर क्लबचा अर्जही त्याच वेळी फेटाळला गेला. 2023-24 मध्ये ईलिंग पुन्हा विजेता ठरला आणि पुन्हा तेच उत्तर आलं. त्याच हंगामात प्रीमियरशिपमध्ये न्यूकॅसल फाल्कन्स 18 पैकी 18 सामने हरला. पुढच्या वर्षी तो होता तिथेच!

नियमाच्या बाजूनेही बोलता येतं. लंडन वेल्श 2012 मध्ये अपील जिंकून वर गेला, तोही ऑक्सफर्डचं फुटबॉल मैदान भाड्याने घेऊन. 2014-15 मध्ये तो सगळे 22 सामने हरला आणि पुढे दोनेक वर्षांत मोडीत निघाला. ईलिंगच्या सामन्यांनाही फार गर्दी नसते, हे मी दर हंगामात पाहतो. पण खुर्च्या मोजून क्लब वाचतात, हे मला मान्य नाही. वॉस्प्सकडे कव्हेंट्रीचं 32,000 आसनांचं स्टेडियम होतं. 2022 मध्ये तो बुडाला. वुस्टर त्याच वर्षी, लंडन आयरिश पुढच्या. तिघेही प्रीमियरशिपचे.

चॅम्पियनशिपचे हाल तर विचारूच नका. 2020 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेने या श्रेणीचं अनुदान जवळपास निम्म्यावर आणलं. अनेक खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात. कॉर्निश पायरेट्सना पेन्झान्सहून डॉन्कास्टरला जायचं तर साडेपाचशे किलोमीटरांच्या वर प्रवास. 2023 चा विजेता जर्सी रेड्स त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बंद पडला आणि हंगाम अकरा क्लबांवर खेळवावा लागला. विजेताच गायब, आणि वरच्या श्रेणीत कुणाला त्याचं सोयरसुतक नाही.

आता घरचं बघू. 2023 ते 2025 या काळात आय-लीगचा विजेता खरोखर आयएसएलमध्ये गेला. आधी पंजाब गेला, मग मोहम्मेडन स्पोर्टिंग. 2025 मध्ये विजेता गोव्याचा चर्चिल ब्रदर्स की इंटर काशी, हा वाद थेट स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि काशी जिंकली. भाच्याने त्या आठवड्यात फोन उचलला नाही. तरीही दार उघडण्याच्या बाबतीत आपली व्यवस्था ईलिंगला मिळालेल्या वागणुकीपेक्षा उदारच म्हणायची.

दोन्हीकडची खोट माझ्या मते एकच आहे. 2014 पासून 2025 पर्यंत आयएसएलमधला एकही संघ हरल्यामुळे खाली उतरला नाही. प्रीमियरशिपचं अलीकडे तेच चाललंय. आपण भांडतो प्रमोशनवर, म्हणजे वर जाण्यावर, कारण त्यात स्वप्न असतं. रेलिगेशन, म्हणजे खाली उतरणं, मागायला कुणी पुढे येत नाही. वरच्या मालकाला आपले पैसे कधीही पाण्यात जाऊ शकतात ही भीती नसेल, तर तो खालच्यासाठी अटी सैल का करेल? धेंपो 2024 मध्ये आय-लीगमध्ये परतला. भाच्याने आता त्याच्यासाठी जागा मागण्याऐवजी एकच प्रश्न लावून धरावा: तळाला राहणारा संघ खाली कधी येणार?