पडदे मेणावरच असतात, ताई

नमस्कार ताई,

आम्ही तंजावरचे मराठी. घरची भाषा तुम्हाला जुनाट वाटेल, म्हणून हे उत्तर पुण्यातल्या भाच्याकडून तपासून घेतलंय.

आमच्या दुकानातून घेतलेल्या वीणेबद्दल तुम्ही लिहिलंत: "पडदे चक्क मेणाने चिकटवलेत, दोन महिन्यांत बेसूर. खालचा भोपळा कागदाचा. बाजूच्या तीन तारांखाली पडदेच नाहीत. शुद्ध फसवणूक."

फसवणूक हा शब्द लागला. सरस्वती वीणेचे पडदे, म्हणजे तार दाबायच्या पट्ट्या, मेणावरच बसतात. तुम्ही सतार वाजवता. तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, रागाप्रमाणे सरकवता येतात. इथे 24 पितळी पडदे, दोन सप्तकांतले सगळे स्वर, एकदाच जागेवर. ही मांडणी सतराव्या शतकात तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या दरबारात, म्हणजे आमच्याच गावी, ठरली असं मानतात. मधमाशीच्या मेणात काजळी कालवून दांडीच्या दोन्ही कडांना काळा बांध घालायचा, त्यावर पडदा टेकवायचा आणि मेण मऊ आहे तोवर कानाने ऐकत केसभर पुढेमागे करायचा. खिळा ठोकून हे कसं जमणार? दुकानात हे काम एकच माणूस करतो, आणि त्या दिवशी आम्ही पंखासुद्धा लावत नाही.

मेणाला ऊन मात्र सोसत नाही. वीणा पोचली तेव्हा सुरात होती असं तुम्हीच म्हणता. फोटोत वरच्या सप्तकातले पाच पडदे एकाच बाजूला कललेत आणि मागे पश्चिमेची वाटावी अशी उन्हाची खिडकी आहे. उन्हापासून जपा, असा कागद आम्ही पेटीत घातला होता, पण तमिळमध्ये! ही चूक पूर्णपणे आमची. तुम्ही फोन केलात तेव्हा दुकानातला मुलगा "वीणा अशीच असते" म्हणाला, तेही चुकलंच. अशी नसते.

कागदी भोपळ्याचं म्हणाल तर तो डाव्या मांडीवर टेकायला आणि तोल राखायला. नाद येतो तो उजवीकडच्या कुडातून, म्हणजे फणसाच्या लाकडाच्या मोठ्या पोकळ घटातून. खरा भोपळा प्रवासात फुटतो, म्हणून कागदी. बिलावर तसं लिहिलंय. बाजूच्या तीन तारा तालाच्या. त्या करंगळीने मोकळ्या छेडतात, पडदे लागतच नाहीत.

पैसे परत देणार नाही, कारण लाकडात किंवा घडणीत दोष नाही. पण वीणा आमच्याकडे पाठवा. चोवीसही पडदे नव्याने बसवून देऊ, फुकट, जाण्यायेण्याचा खर्च आमचा. पेटी ठेवली असेल तर तीच वापरा. मराठी सूचना या वेळी आतच चिकटवू.

तोवर कललेल्या पडद्यांना हात लावू नका. आणि कोणी कितीही सांगितलं तरी झटपट चिकटणारा गोंद नको. तशी एक वीणा दुरुस्तीला आली होती. पडदे सोडवताना दांडीची कड निघून आली.