छोट्या उद्योजकाची निर्यात नेमकी कुठे अडते?

सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरीही आपल्या भागातील छोटे उद्योजक स्वतःच्या नावाने परदेशात माल पाठवताना क्वचितच दिसतात, याची मला मनापासून खंत वाटते. माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येते, हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. आपला माल चांगलाच आहे. तो चांगला असल्याचे कागदोपत्री सिद्ध करण्याचा खर्च छोट्या माणसाला पेलत नाही.

आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यापुढे हळदीसाठी मसाले मंडळाची नोंदणी लागते. अमेरिकेला माल पाठवायचा असेल तर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडे कारखान्याची नोंद, त्या देशातील एक प्रतिनिधी आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण, हे सारे ओघानेच येते. शिवाय प्रयोगशाळेचे शुल्क नमुन्यावर ठरते, मालाच्या वजनावर नाही. त्यामुळे ३०० किलो हळदपूड पाठवणारा बचत गट आणि कंटेनर भरून पाठवणारा व्यापारी एका नमुन्यासाठी सारखीच रक्कम मोजतात, आणि बचत गटाचा नफा तिथेच संपतो.

युरोपात तर ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे १०० टन मालात जेमतेम एक ग्रॅम. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलींची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, तो हंगाम आपल्याकडचे बागायतदार विसरलेले नाहीत. असा फटका बसल्यावर मोठा निर्यातदार पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, छोट्याचे भांडवलच बुडते.

सर्वांनी मिळून एकत्र माल पाठवावा, असे सुचवले जाते. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी कंपन्यांचा मार्ग मलाही योग्य वाटतो. परंतु एकाच्या मालात अंश सापडला तर सगळ्यांचा माल नाकारला जातो, म्हणून एकत्र करण्याआधी प्रत्येकाचा नमुना तपासावा लागतो आणि वाचवलेला खर्च पुन्हा अंगावर येतो.

परदेशी प्रदर्शनांना जाण्यासाठी सरकार अर्थसाहाय्य देते. त्या पैशातला मोठा वाटा या पहिल्या तपासणीकडे वळवावा आणि छोट्या उत्पादकाकडून तपासणीचे शुल्क वजनाच्या प्रमाणात घ्यावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.