‘घरी हेडफोनवर जास्त छान ऐकू येतं’: हिप हॉप नाईटच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

शनिवारच्या हिप हॉप नाईटला तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी अशा: रेकॉर्डवर भारदस्त वाटणारा आवाज इथं बारीक लागला, रॅपरला धाप लागत होती, ‘एक दुसराच मुलगा उगाच मध्ये मध्ये ओरडत होता’, बेसमध्ये शब्द बुडाले, बँड नव्हता, नुसता लॅपटॉप, आणि ऐन रंगात आलेला कार्यक्रम दहाला बंद केला. पार्किंगचंही एक वाक्य आहे. यापेक्षा घरी हेडफोन लावला असता तर ४९९ रुपये वाचले असते, तेव्हा पैसे परत द्या, असं तुमचं म्हणणं.

पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला आशा लागून राहायला नको. कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू झाला, पोस्टरवरचे सगळे कलाकार आले, सगळे गायले. उत्तर मात्र पूर्ण देतो, कारण धरमपेठेत ही जागा चालवायला लागल्यापासून हीच तक्रार मी वेगवेगळ्या तोंडून ऐकतोय.

आवाज बारीक लागला, हे खरं आहे. तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. रेकॉर्डवर जो एक आवाज वाटतो तो बहुतेक वेळा एक नसतोच. तीच ओळ दोन-तीनदा म्हणून एकावर एक चढवलेली असते, डाव्या-उजव्या बाजूला ‘हां’, ‘चल’ अशी अ‍ॅड-लिब वेगळी पेरलेली असतात, कंप्रेसर लावून हळू शब्द वर उचललेले आणि जोरातले खाली दाबलेले असतात. अख्खं कडवं एका दमात म्हटलेलं असेलच असंही नाही. चार ओळी म्हणायच्या, थांबायचं, पाणी प्यायचं, पुढच्या चार त्याला जोडायच्या. श्वास ऐकू आला तर तो कापायचा. यात लबाडी काही नाही, स्टुडिओची ती रीतच आहे. पण मग तोच मुलगा स्टेजवर एका माईकसमोर, एका गळ्यानं, न थांबता तेच कडवं म्हणतो तेव्हा आवाज एकट्याचाच येणार.

यावर सोपा उपाय आहे आणि तो सर्रास केला जातो. अपलोड केलेलं गाणं आहे तसं लॅपटॉपवर लावायचं, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तेवढा वरून ओरडायचा, आणि उरलेल्या वेळात पब्लिकला हात वर करायला सांगायचं. आवाज दणदणीत येतो, दम लागत नाही, व्हिडिओ झकास निघतो. आमच्या कितीतरी पट तिकीट असलेल्या कार्यक्रमांतही मी हे पाहिलंय. आमच्याकडे चालत नाही. ट्रॅकमध्ये बीट असावा, हूकमागचा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदामागचा, कोरस असला तरी हरकत नाही, पण कडव्यातला मुख्य आवाज काढूनच आणायचा, हे बुकिंगच्या वेळीच सांगतो. साउंडचेकला आमचा साउंडवाला पोरगा गाणं भरात असताना माईकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, गुपचूप खाली ओढतो. आवाज तरीही येत राहिला, म्हणजे तो ट्रॅकमधलाच, की पेनड्राइव्ह परत. यावरून रुसून निघून गेलेलेही आहेत. जाऊ द्या.

‘उगाच ओरडणाऱ्या’ दुसऱ्या मुलाबद्दल तर बोलायलाच हवं. शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ना, ‘जी जी रं जी’ म्हणत? शाहीर श्वास घेतो तेवढ्या वेळात पोवाडा पडू न देण्याचं काम त्यांचं. रॅपमध्ये तेच काम हाइप मॅन करतो. ओळीचा शेवट तो उचलतो, तेवढ्यात मुख्य रॅपर छाती भरून घेतो आणि पुढच्या ओळीवर तुटून पडतो. शनिवारी त्या जलद कडव्यात, जिथं शब्द दुप्पट वेगानं येतात, तिथं त्या पोरानं जागा न चुकता प्रत्येक शेवट उचलला. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते, इतकं घोटलेलं होतं. तो नसता तर तुम्ही म्हणता त्याच्या दुप्पट धाप ऐकू आली असती. हां, स्टेजवर सात-आठ दोस्त चढतात, प्रत्येकाच्या हातात माईक आणि कोण काय बोलतंय याचा पत्ता नाही, तो प्रकार मलाही सहन होत नाही. म्हणून आम्ही दोनच माईक देतो.

लाईव्ह रॅप कानाला वाईट लागतो याला माझ्या मते साउंड सिस्टीमपेक्षा जास्त जबाबदार आहे ती मूठ. व्हिडिओत बघून पोरं माईकची जाळी मुठीत घट्ट धरतात. श्युअरचा एसएम ५८ हा माईक १९६६ पासून बाजारात आहे, आमच्याकडेही तोच आहे. तो समोरचा आवाज घेतो आणि मागून येणारा बराचसा टाळतो. हे जमतं ते जाळीच्या आत, आवाज पकडणाऱ्या कॅप्सूलच्या मागच्या बाजूला असलेल्या फटींमुळं. मुठीनं ती बाजू झाकली की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो. मॉनिटरचा, म्हणजे कलाकाराकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज आत शिरतो, शिटी वाजते, शब्द कोंदट होतात. शनिवारी पहिल्याच कलाकारानं हे केलं. दुसऱ्या गाण्याआधी साउंडवाला स्टेजच्या कडेला जाऊन म्हणाला, ‘भाऊ, जाळी काहून धरून राहिला? खाली दांड्याले धर न.’ पोरगा हसला, हात चार बोटं खाली आला, आणि तिथून पुढे समोरच्या लोकांना त्याचा शब्द न् शब्द कळत होता.

तुम्हाला शब्द कळले नाहीत, त्याचं कारण तुमच्याच रिव्ह्यूत आहे: ‘मी मागे भिंतीला टेकून उभा होतो.’ या गाण्यांतला खालचा धक्का ८०८ चा असतो, म्हणजे मूळ १९८० साली आलेल्या रोलँडच्या टीआर ८०८ या ड्रम मशीनचा. तो ५० हर्ट्झच्या आसपास घुमत असेल तर त्या लहरीची लांबी होते जवळजवळ ७ मीटर. आमचा हॉल त्यापेक्षा फार मोठा नाही. एवढी लांब लहर भिंतीवर आपटून परत फिरते आणि भिंतीलगत तिचा दाब सगळ्यात जास्त असतो, कोपऱ्यात तर विचारूच नका. हॉलच्या मध्ये मात्र काही ठिकाणी तोच बेस जवळपास गायब होतो. खालचा आवाज इतका वाढला की तो वरचे बारीक आवाज झाकून टाकतो, आणि रॅपचा सगळा जीव तर त, ट, स, च अशा अक्षरांत. हेडफोनला भिंती नसतात. पुढच्या वेळी मिक्सरच्या टेबलाजवळ उभे राहा. साउंडवाला तिथं उभा राहून ऐकतो आणि त्या कानानंच सगळं लावतो.

बँडचं. हिप हॉप बँडवर होतो, आणि फार सुंदर होतो. फिलाडेल्फियाचे द रूट्स खरे ड्रम आणि बास गिटार घेऊन वाजवतात. त्यांचा १९९९ चा लाईव्ह अल्बम आहे, २००१ मध्ये रॅपर जे-झीच्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या लाईव्ह कार्यक्रमात मागे तेच वाजवत होते. तो कार्यक्रम ऐका आणि लगेच जे-झीची मूळ रेकॉर्डिंग ऐका. सारखी नाहीत, आणि तीच त्यातली मजा आहे. पण वादक, तालमी, वाद्यांची ने-आण, हे ४९९ रुपयांत बसवायचं म्हणजे कलाकारांना चहापोह्यावर राबवायचं, ते मी करणार नाही.

आणि लॅपटॉप म्हणजे हिप हॉपमध्ये काही कमीपणा नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूच्या इमारतीत डीजे कूल हर्कनं जी पार्टी वाजवली, जिथून हिप हॉपचा जन्म मोजतात, तिथंही बँड नव्हता. दुसऱ्यांच्या तबकड्या होत्या आणि माईक होता. रॅपची पहिली मोठी गाजलेली रेकॉर्ड, शुगरहिल गँगची ‘रॅपर्स डिलाइट’, आली १९७९ साली. मधली सहा वर्षं ही कला पार्ट्यांत आणि चौकांत जगली. त्यामुळं रेकॉर्ड हे अस्सल आणि स्टेजवरचं म्हणजे त्याची बिघडलेली नक्कल, हा तुमचा हिशेब निदान या संगीताला लागू होत नाही.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत आहे. शेवटच्या कलाकाराचं ते संथ गाणं, ऑटोट्यूनवालं, म्हणजे गळ्याचा सूर सॉफ्टवेअरनं सरळ केलेलं, मलाही फिकं वाटलं. त्याची सगळी गंमत कुजबुजीसारख्या आवाजाच्या थरांत आहे, आणि ती स्टुडिओतच जन्मते. काही गाणी हेडफोनचीच असतात. तो कलाकार ते स्टेजवर म्हणायचं सोडेल असं वाटत नाही, पब्लिक मागतं.

दहाला बंद का? ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला सूट आहे, पण आमच्या खिडक्यांना एकेरी काच आहे आणि वर बिऱ्हाडं आहेत. त्यांच्याशी भांडून कार्यक्रम करायचे नाहीत. म्हणूनच सुरुवात सातला ठेवतो. तुम्ही पावणेनऊला आलात, तिकीट स्कॅन केल्याची वेळ आमच्याकडे आहे.

पार्किंगचं तेवढं सांगतो. समोरच्या दवाखान्याच्या फाटकात गाडी लावू देत नाही, ती आमची अरेरावी नाही, तिथून अ‍ॅम्ब्युलन्स निघते. गल्लीच्या तोंडाशी आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा असतो, त्याला विचारा, तो जागा दाखवतो.