भोके जुळली म्हणजे चाक बसले, असे नव्हे

सोलापुरातल्या गाडीवेड्या तरुणांमध्ये सध्या मॅगव्हीलविषयीचा, म्हणजे शोभेच्या मिश्रधातूच्या चाकांविषयीचा, एक लांबलचक व्हॉट्सॲप संदेश फिरत आहे, आणि टायरच्या दुकानात तो मोबाइलवर उघडून दाखवणारे ग्राहकही भेटू लागले आहेत. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: चाक घेताना फक्त पीसीडी, म्हणजे बोल्टची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, जुळतो का एवढे पाहावे, ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) आणि बोअर (चाकाचे मधले भोक) हे दुकानदारांनी किंमत वाढवण्यासाठी काढलेले शब्द आहेत, आत घासले तर स्पेसर, म्हणजे चाकामागे घालायची चकती, टाकावा, खड्ड्यांसाठी चाकावरच्या कमानीत मावेल तेवढा उंच टायर आणि लवकर ब्रेक लागण्यासाठी मिळेल तेवढा रुंद टायर घ्यावा, उन्हाळ्यात हवा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) कमीच ठेवावी, आणि शेवटी गाडी उभी करून स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवावे, घासले नाही की काम झाले. संदेशात उदाहरणादाखल स्प्रिंगा बदलून खाली बसवलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस घेतली आहे, म्हणून मीही तीच घेतो. तिच्या १८ इंची चाकावर २२५/४० आर१८ हा टायर येतो, म्हणजे २२५ मिलिमीटर रुंद, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रुंदीच्या ४० टक्के उंच आणि १८ इंची रिमचा.

मर्सिडीजची चाके ऑक्टेव्हियाला ‘सरळ बसतात’, कारण दोन्हींचे पीसीडी ५×११२ आहे, हा संदेशातला पहिला दाखला. पीसीडी तेच आहे, याबद्दल वाद नाही. परंतु ऑक्टेव्हियाच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर आवळतात त्या भागाचा, मधला उंचवटा ५७.१ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि मर्सिडीजच्या चाकाचे मधले भोक ६६.६ मिलिमीटरचे असते. म्हणजे भोवताली सर्व बाजूंनी पावणेपाच मिलिमीटर मोकळी जागा राहिली. मूळ चाक त्या उंचवट्यावर चढले की आपोआप केंद्रात येते. हे चाक मात्र बोल्ट ज्या क्रमाने आवळले जातील त्याप्रमाणे इकडेतिकडे सरकते. ते किंचित जरी सरकले तरी महामार्गाच्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागते. मग मालक बॅलन्सिंग करून घेतो, आणि तिथे सगळे ठीक दिसते, कारण बॅलन्सिंगचे यंत्र चाकाला त्याच्या मधल्या भोकात शंकू घालून बरोबर केंद्रात धरते. यंत्रावर शून्य आणि रस्त्यावर थरथर, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा इतकेच असते.

यावर उपाय महाग नाही. बाहेरून ६६.६ आणि आतून ५७.१ मापाची हब रिंग घातली की चाक केंद्रात येते. गाडीचा सगळा भार या रिंगवर असतो, असे सांगणारेही भेटतात. तेही बरोबर नाही. भार पेलतो तो बोल्टच्या दाबामुळे चाक आणि हब यांच्या सपाट पृष्ठांमध्ये निर्माण होणाऱ्या घर्षणाने. रिंगचे काम चाक आवळले जाईपर्यंत ते मध्यभागी धरून ठेवण्याचे आहे, आणि म्हणूनच ती प्लास्टिकची असली तरी चालते.

पण तो दाब नीट पडायचा तर बोल्टची मान आणि चाकातली तिची बैठक एकाच आकाराची हवी. स्कोडाच्या मूळ बोल्टची मान गोलाकार असते, तर बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलमधली बैठक शंकूच्या आकाराची. मूळ बोल्ट अशा चाकात वापरला तर तो घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण काढून उजेडात धरला की मानेवर रुंद, एकसारखी चकाकी दिसण्याऐवजी एक बारीक चकचकीत रेघ तेवढी दिसते. सगळा दाब त्या रेघेवर पडत होता. पुढे ती जागा दबते आणि बोल्ट सैल होतो. भोके मोजून हा दोष कळत नाही.

पीसीडीतही ‘जवळपास जुळते’ असा प्रकार नसतो. फियाटच्या कित्येक गाड्यांचे पीसीडी ४×९८ आहे आणि बाजारात ४×१०० ची चाके भरपूर मिळतात. प्रत्येक भोक एकच मिलिमीटर चुकते, त्यामुळे जोर लावला की बोल्ट आत जातात. मात्र ते एका अंगाला रेटले जाऊन बसतात, मान एकाच बाजूला टेकते, आणि असे चाक लावून पुण्याला जाणाऱ्याने आपल्या जिवाशी खेळ मांडलेला असतो.

ऑफसेट हा तर संदेशाने सर्वांत हलक्यात घेतलेला आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त पैसे घालवणारा मुद्दा आहे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारे पृष्ठ यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि चाकाच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले असते. समजा मूळ चाक साडेसात इंच रुंद आणि ईटी ५१ आहे, आणि पसंत पडलेले चाक साडेआठ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. साडेसात इंचांचे निम्मे ९५.२५ मिलिमीटर आणि साडेआठ इंचांचे १०७.९५. आतल्या बाजूला निम्म्या रुंदीत ऑफसेट मिळवायचा, बाहेरच्या बाजूला वजा करायचा. मूळ चाकाची आतली कड हबच्या पृष्ठापासून १४६.२५ मिलिमीटरवर होती, नव्याची १५२.९५ वर आली. म्हणजे चाक स्ट्रटच्या, म्हणजे आतल्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या, दिशेने ६.७ मिलिमीटर सरकले. बाहेरची कड ४४.२५ वरून ६२.९५ वर गेली. म्हणजे कमानीच्या दिशेने १८.७ मिलिमीटर बाहेर आली. पीसीडी दोन्हींचे एकच आहे. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) बसवलेल्या गाडीत हा हिशेब आणखी काटेकोर करावा लागतो, कारण स्प्रिंगची खालची बशी मूळ जागी राहत नाही आणि ती नेमकी टायरच्या खांद्यासमोर येऊ शकते.

आता आत घासते म्हणून संदेशाच्या सल्ल्याप्रमाणे दहा मिलिमीटरचा स्पेसर टाकला, तर ईटी ४५ चा ईटी ३५ झाला. आतली अडचण संपली खरी, पण बाहेरची कड मूळ जागेपेक्षा २८.७ मिलिमीटर पुढे गेली. खाली बसवलेल्या गाडीत एवढी जागा क्वचितच असते. शिवाय या बोल्टच्या आट्यांचे अंतर दीड मिलिमीटर असते, त्यामुळे मूळ बोल्टच ठेवले तर दहा मिलिमीटरच्या स्पेसरने साडेसहाहून जास्त आटे खाल्ले. तेवढ्याने जास्त लांब बोल्ट घेतले नाहीत, तर चाक मोजक्या आट्यांवर लटकलेले राहते. चाक बाहेर गेल्यामुळे बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि पुढची चाके ओढणाऱ्या ताकदवान गाडीत जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टेअरिंग हातातून एका बाजूला खेचू लागते. स्पेसर मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. हबवर केंद्रित होणारा आणि योग्य लांबीच्या बोल्टसह आलेला स्पेसर चांगले काम देतो. चुकीचे चाक घेतल्यावरचा उतारा म्हणून तो वापरू नये.

उंच टायरचा मोह मला समजतो. आपल्या शहरातले खड्डे आणि अचानक उगवणारे गतिरोधक पाहता तो कोणालाही होईल. पण हिशेब करून पाहावा. टायरच्या रुंदीला टक्केवारीने गुणून दुप्पट करायची आणि त्यात रिमचा व्यास मिळवायचा: २२५/४० आर१८ चा व्यास ६३७.२ मिलिमीटर येतो, २३५/४५ आर१८ चा ६६८.७. व्यास सुमारे पाच टक्क्यांनी वाढला, आणि जमिनीपासूनची उंची वाढली त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटर. तेवढ्यासाठी स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवू लागतो आणि गाडीचा उठाव मंदावतो. कारखान्यातून मीटर थोडा जास्त वेग दाखवणारा असतो, त्यामुळे यातला काही भाग भरून निघतो, हे मान्य; तरी तीन टक्क्यांच्या आत राहण्याचा रिवाज शहाणपणाचा आहे. उलट व्यास जुळला म्हणजे झाले, असेही नाही. २२५/३५ आर१९ चा व्यास ६४०.१, म्हणजे जवळजवळ तेवढाच. पण त्याचा लोड इंडेक्स, म्हणजे भार पेलण्याचा सांकेतिक अंक, साधारणपणे ८८ असतो आणि मूळ मापाचा ९२. याचा अर्थ एका टायरची क्षमता ६३० किलोवरून ५६० किलोवर आली, आणि साइडवॉल नव्वदवरून ७९ मिलिमीटरवर. त्या खड्ड्यांत रिम वाकणार ती अशी.

रुंद टायरने ब्रेकचे अंतर हमखास घटते, हा दावा अर्धवट आहे. जमिनीला टेकणाऱ्या भागाचे क्षेत्रफळ मुख्यतः टायरवरचा भार आणि आतला दाब यांवर ठरते. रुंदी वाढली की त्या भागाचा आकार आडवा आणि आखूड होतो. कोरड्या रस्त्यावर वळणात याचा फायदा मिळतो, पण ब्रेकच्या बाबतीत रबराचे मिश्रण आणि टायरचे वय अधिक बोलते. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, हे सप्टेंबरच्या पावसात गाडी चालवणाऱ्या सोलापूरकराने ध्यानात ठेवावे. संदेशात सुचवलेला २५५/३५ आर१८ व्यासाला चपखल आहे, परंतु त्याला किमान साडेआठ इंच रुंद रिम लागते. साडेसात इंची रिमवर तो फुगून बसतो आणि वळणात साइडवॉल लोळते, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच हरवते.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. मे महिन्यात पहाटे २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा महामार्गावर ६० अंशांपर्यंत तापली, तर दाब ३८-३९ पर्यंत जातो. ही वाढ टायर बनवणाऱ्याने धरलेलीच असते. अनेक टायरच्या अंगावर कमाल दाब ४४ किंवा ५१ पीएसआय छापलेला आढळतो. टायर फुटण्याला बहुधा कारण होते ते उलट: हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते, त्या हालचालीने रबर तापते आणि आतले थर सुटू लागतात. दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणामागे दिलेला दाब टायर थंड असताना भरावा, आणि तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये.

उरली ती शेवटची चाचणी. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवून घासणे सापडत नाही, कारण टायर घासतो तो स्प्रिंग दबल्यावर. टायरच्या खांद्यावर सगळीकडे खडू लावावा, गाडीत चार माणसे बसवावीत आणि स्टेअरिंग वळलेले ठेवून गतिरोधकावरून हळू जावे; खडू कुठे पुसला गेला ते पाहिले की जागा कळते. मोठे ब्रेक बसवले असतील तर चाक लावण्यापूर्वी कॅलिपरवर (ब्रेकची डिस्क दाबणाऱ्या भागावर) लहान मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा चिकटवावा आणि चाक हाताने एक फेरा फिरवून काढावे. आऱ्याखाली माती तीन मिलिमीटरपेक्षा पातळ दबली असेल, तर ते चाक त्या ब्रेकसाठी नाही, मग ऑफसेट कागदावर कितीही जुळो. कमानीच्या कडेवर खडू उमटला, तर बरेच जण कड ठोकून आत वळवून घेतात. त्याने रंगाला तडे जातात आणि आत गंज धरतो, म्हणून आधी स्पेसर काढून किंवा दहा मिलिमीटर अरुंद टायर लावून पाहावा.